यादीत नसलेला भाऊ

पासपोर्ट सहा महिने तरी चालणारा हवा. रेसिडेन्सी संपायला काही महिने बाकी हवेत. गाडी स्वतःची असेल तर शेजारच्या देशात चालणारा विमा हवा. आणि रेसिडेन्सी कार्डावरचा हुद्दा ओमानच्या यादीत हवा. दुबईहून मस्कतला जायचे हे नियम मला अजून आरतीसारखे पाठ आहेत. आता ते बदललेही असतील. तरी लालबागला आमच्या मजल्यावरून कुणी आखातात निघालं की त्याला माझ्याकडे पाठवतात, आणि मी त्याला शेवटचा नियम दोनदा ऐकवतो.

दुबईत मी एका गोदामात स्टोअरकीपर होतो. कार्डावर मात्र स्टील फिक्सर, म्हणजे बांधकामावर सळ्या बांधणारा. एजंट म्हणाला होता की व्हिसा याच कामाचा शिल्लक आहे, तिकडे गेल्यावर कोण विचारतंय. आमच्या घरात ते कुणालाच खटकलं नाही. बाबा गिरणीत वर्षानुवर्षं बदली कामगार होते. सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं आणि जो आला नसेल त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्या दिवशी काम करायचं. दुसऱ्याच्या जागेवर राबण्यात आम्हाला काही वावगं वाटत नसे, त्यामुळे दुसऱ्याच्या हुद्द्यावर जाण्यातही वाटलं नाही. आईने तर मजलाभर पेढे वाटले.

ताई, माझी थोरली बहीण, तेव्हा लग्न होऊन मस्कतला होती. बसने गेलं तर जेमतेम पाच-सहा तास. तरी तीन वर्षांत आमची भेट नव्हती, कारण दोघांच्या रजा कधी जुळायच्याच नाहीत. आईला हे काही केल्या पटेना. फोनवर ती आमच्या मालवणीत मला फैलावर घ्यायची. "तुमी दोघांय थयच आसास. मग भाऊबीजेक जावक काय होता तुका?"

तसं ताईनेच माझ्याकडे येणं सोपं होतं. मेहुण्यांचा हुद्दा अकाउंटंटचा, तो कुठल्याही यादीत बसायचा. पण भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं असतं. यावर आई अडून बसली आणि खरं सांगायचं तर मीही. माझ्या कार्डावर कधी सोडतात, कधी नाही, असं माझ्याबरोबर खोलीत राहणारे लोक सांगत होते. मी म्हटलं, बघू. आईने सुट्टीवरून दुबईला परतणाऱ्या एकाबरोबर लालबागच्या गल्लीतला मसाला आणि चिवडा पाठवला होता. ती पिशवी मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसलो.

ताईला धीर कुठला. ती मेहुण्यांना घेऊन थेट सीमेवरच मला न्यायला आली होती. दुबईकडचा बाहेर पडल्याचा शिक्का बसला, पुढे ओमानची चौकी लागली. काउंटरवरच्या माणसाने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि प्रोफेशन विचारलं. मी स्टोअरकीपर म्हणालो. त्याने कार्डावरच्या शब्दावर बोट ठेवलं, मान हलवली आणि कार्ड परत सरकवलं. तो रागावला नाही की काही नाही. मी बहीण, सण, दिवाळी, सगळं मोडक्या हिंदी-इंग्रजीत सांगून पाहिलं. त्याने निमूट ऐकून घेतलं आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

काचेतून पलीकडची मोकळी जागा दिसत होती. तिथे ताई मेहुण्यांच्या गाडीला टेकून उभी होती, हिरव्या साडीत, हातात स्टीलचा डबा. त्यात निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं असणार. मी फोन करून सांगितलं. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "हात तरी वर कर, म्हणजे कुठे आहेस ते कळेल." मी हात वर केला. तिने बहुतेक पाहिला. मला रडू आवरेना, आणि मी पंचविशीतला बाप्या माणूस हॉलच्या मधोमध नाक पुसत उभा होतो.

पिशवी आमच्या बसच्या ड्रायव्हरने पलीकडे नेऊन दिली. तो केरळचा होता, त्याने एक शब्द विचारला नाही. मसाल्यालाही कुणी प्रोफेशन विचारलं नाही. माझा शिक्का रद्द झाला आणि उलट येणाऱ्या बसने मी परत निघालो.

भाऊ नसला की बहीण चंद्राला ओवाळते. ताईने घरी जाईपर्यंत दम धरला नाही. तिथेच, गाडीच्या बॉनेटवर डबा उघडून, बीजेची कोर दिसताच ओवाळलं. मला बसमध्ये फोन आला तेव्हा ती चिडलेली होती. चंद्राला ओवाळायला एवढ्या लांब कशाला यायचं, तो घराच्या गच्चीतूनही दिसला असता, म्हणाली. आईला मी सगळं खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तुजो बापूस जलमभर बदलीच रवलो. तू पण थयसर बदलीच." ते मला अजून लागतं. त्या दिवसांतली मला सगळ्यात जास्त आठवते ती आईची ती मालवणी, कारण तशी आता घरात कुणी बोलत नाही.

आई गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी मी लालबागला परत आलो, ताई माहीमला. पहिल्या भाऊबीजेला मी सकाळीच पोहोचलो. दुसऱ्या वर्षी संध्याकाळ केली. यंदा ऑफिसात काम होतं, म्हणून म्हटलं, व्हिडिओ कॉल करू या, रविवारी येतो.

ताई गप्प झाली. तशी ती एकदाच झाली होती, काचेपलीकडे. मग म्हणाली, "बघ बाबा. नाहीतर चंद्र आहेच."

मी ऑफिसातून तसाच उठलो. गल्लीतून मसाला घेतला आणि माहीमची बस पकडली. बेल वाजवली तर ताईने दार अर्धंच उघडलं. केस पांढरे, साडी हिरवी.

"प्रोफेशन?" तिने विचारलं.

"भाऊ," मी म्हटलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं.