खातेगांव लाल झालं तेव्हा

देवासच्या आमच्या फायनान्स कंपनीत, कुठलं कर्ज बुडेल ते दाखवणारं सॉफ्टवेअर बसवायला इंदूरहून एक जण आला होता. बटण दाबताना तो डोळे गच्च मिटायचा.

पहिल्याच नकाशात अख्खा खातेगांव तालुका लाल, म्हणजे बुडीत, झाला. साहेब म्हणाले, "तिथली कर्जं बंद करा." तिथले दुकानदार मीच जोडलेले.

इंदूरवाला खुर्चीतून उठलाच. "रुको भिया, ते हप्ता कधी भरतात?"

"त्यांच्या शेतकरी गिऱ्हाइकांचं सोयाबीन विकल्यावर. करारच तसा आहे."

"मग मशीनला सोयाबीन कोणी सांगितलंय? ते दर महिन्याला थकबाकी धरतंय."

हप्त्यांच्या तारखा बदलून त्याने बटण दाबलं. या वेळी डोळे मिटायचं विसरला. खातेगांव हिरवं होत गेलं, तसा तो माझा खांदा गदागदा हलवत राहिला.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. पण आजही लाल नकाशा समोर आला की मी आधी विचारतो, तिकडे पीक कधी निघतं?