हाताचे त्र्याण्णव तास

माझा भाचा प्रवासी विमान चालवतो. मे महिन्यात दहा दिवसांच्या सुट्टीवर तो बांद्याला, माझ्या बहिणीकडे आला, तेव्हा भेटेल त्याला एकच आकडा ऐकवत होता. सात वर्षांत बेचाळीसशे तास. लोक माना डोलवत.

मी विचारलं, "त्यातले तुझ्या हाताचे किती रे?"

"सगळेच माझे, मामानू."

तसं नव्हतं. एक फेरी सरासरी दीड तासाची, म्हणजे अठ्ठावीसशे फेऱ्या. निम्म्या शेजारचा कॅप्टन चालवतो. उरल्या चौदाशे. त्यात स्वतःच्या हाताने उडवणं दर फेरीला चढता-उतरता मिळून चार मिनिटं. एरवी ऑटोपायलट चालवतो आणि हा बघत बसतो. त्याच्याच तोंडच्या आकड्यांवरून त्र्याण्णव तास वीस मिनिटं निघाली. आमच्या एसटीचा ड्रायव्हर पंधरवड्यात एवढं स्टिअरिंग फिरवतो.

फुशारकी मी सोडूनही दिली असती. पण सुट्टी संपताच त्याची सिम्युलेटरवर परीक्षा होती. मागच्या खेपेला ऑटोपायलट बंद करून आडव्या वाऱ्यात विमान उतरवताना तो नापास झाला होता. आता चुकला तर विमानाबाहेर. कॅप्टनने त्याला दोन उपाय सांगितले होते. आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी ऑटोपायलट लवकर बंद करून हाताने उतरवायचं. आणि घरी कॉकपिटचं चित्र भिंतीला लावून, समोर खुर्ची टाकून, रोज अर्धा तास हातांना सवय करायची. पहिला त्याने टाळला, चुकलं तर नोंद होते म्हणून. दुसऱ्यासाठी आणलेलं चित्र कपाटावर गुंडाळलेलंच होतं.

दहा दिवसांत सात घरची जेवणं झाली. सराव शून्य.

बहिणीने मात्र देवळात गाऱ्हाणं घातलं. गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी, गावकार, देवासमोर उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, "ह्या लेकराचा इमान आडव्या वाऱ्यात सरळ उतरवन दी, रे महाराजा." आम्ही वीस-पंचवीस जण म्हणालो, "होय महाराजा." भाचा हात जोडून सगळ्यांच्या पुढे. त्या हातांना सुट्टीत तेवढंच काम पडलं.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "देव काय तुझ्या बाजूक येवन बसतलो?"

तो हसला. बहीण म्हणाली, "दादा, तुझा तोंडच वायट."

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"वारो बाजूसून इलो, मामानू. हात उशिरान गेलो."

"किती उशिरान?"

"दोन सेकंद."

त्याला फेऱ्यांवरून काढून पुन्हा शिकायला बसवलं आहे. मी हळहळ व्यक्त केली नाही. मागे बसणाऱ्या एकशे ऐंशी माणसांनीही केली नसती.

बहिणीने कारण शोधलं. गावकाराने वारा कुठल्या बाजूचा ते सांगितलंच नव्हतं म्हणे. पुढचं गाऱ्हाणं डाव्या आणि उजव्या, दोन्ही वाऱ्यांचं घालायचं ठरलं आहे.