दारातली लिफ्ट

आमच्या घरापुढे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये पुरुषभर खोल खड्डा. नांदेड रस्त्यावर धावणाऱ्या जीपा त्या खड्ड्यावर येऊन उभ्या राहत. मग माझे मिस्टर खाली उतरत आणि मान मागे टाकून त्यांच्या पोटात हात घालत. पावसाळ्यात खड्ड्यात गुडघाभर पाणी साचे. वीस वर्षं अशी काढल्यावर त्यांची मान उजवीकडे वळेनाशी झाली आणि इंजिनांच्या आवाजानं कानही जड झाले.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. नांदेडला मोटारींचं एक मोठं दुकान बंद पडलं आणि तिथली गाडी उचलायची लिफ्ट त्यांनी घरी आणली. दोन उंच लोखंडी खांब, प्रत्येकाला दोन लांब हात, एक मोटर आणि तेलाची टाकी. टेम्पोतून खांब उतरत असताना शेजारच्यांनी विचारलं, "कोन येऊन राहिलं गावात? कमान कशाची?" त्यांचंही चुकलं नाही. कळमनुरीत दोन खांब एकत्र दिसले की त्यांच्यावर कुणाचं तरी स्वागत लिहिलेलं असायचं.

लिफ्टबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, घरात पुस्तकं वाचणारी एकटीच. ती पुस्तिका मी आठ दिवस संध्याकाळी मिस्टरांना मराठीत सांगत होते. जाड काँक्रीटच्या जमिनीवरच खांब उभे करा, म्हणून खड्डा बुजवला, फरशी उखडली, नवं काँक्रीट ओतलं आणि महिनाभर त्यावर कुणाला चालू दिलं नाही. चारही हात गाडीच्या मजबूत पट्टीखालीच लावा. टीचभर उचलून गाडी हलवून बघा, मगच वर न्या. गाडीत माणूस बसलेला असताना उचलू नका.

मुख्य गोष्ट खटक्याची होती. दोन्ही खांबांच्या आत लोखंडी दात होते आणि प्रत्येक खांबात स्प्रिंगवरचा एक खटका. गाडी वर जाताना खटके दातांवरून सरकत, दोन्हीकडून कट्, कट् असा आवाज येई. हवी ती उंची आली की गाडी थोडी खाली सोडायची, म्हणजे खटके दातांवर बसतात. मग वजन तेलावर राहत नाही, लोखंडावर येतं. दोन्ही बाजूंचा आवाज ऐका, असं पुस्तिकेत जाड अक्षरात होतं.

शेवटी एक ओळ होती. गाडी कलंडू लागली तर तिला धरायला जाऊ नका, दूर पळा.

ही ओळ ऐकून मिस्टर पहिल्यांदा हसले. "लोकाची गाडी पडून राहिली अन् म्या पळू? कोन्या देशातले मिस्त्री हैत हे?"

"जिवंत राहिलेले असतील," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे, मास्तरीन. तुह्या पुस्तकाला कुनाची गाडी परत द्यायची नसती."

उद्घाटनाला एक पुढारी आले. त्यांना कुठलंही उद्घाटन चालत असे. पिठाची गिरणी, बोअरचा हापसा, एकदा तर नुसता फळा. मिस्टरांनी त्यांचीच जीप लिफ्टवर घेतली. पुढारी जीपमधून उतरेनात. वरूनच चार शब्द बोलतो म्हणाले. मी मिस्टरांकडे पाहिलं, मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना उतरा म्हणणार कोण?

जीप डोक्याच्या वर गेली. माझं ऐकून मिस्टरांनी ती खटक्यांवर बसवली. खिडकीतून हार घातलेली मान बाहेर काढून पुढारी म्हणाले, की आजपासून या तालुक्याचा विकास जमिनीवरून उचलला गेला आहे. टाळ्या पडल्या आणि लाइट गेली.

लाइट जाणं आमच्याकडे नवं नव्हतं. आत्तापर्यंत ध्यानात न आलेली गोष्ट अशी, की खटक्यांवर बसलेली गाडी खाली आणायची तर आधी बोटभर वर उचलावी लागते, तेव्हाच तार ओढून खटके दातांतून सोडवता येतात. आणि वर उचलायला मोटर लागते. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या गावात लाइट जात नसावी. त्या एका गोष्टीबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

विकास दीड तास वर राहिला. लोक आधी आदरानं थांबले, मग गमतीनं थांबले. शिडीवरून चहा दिला गेला. पहिल्या अर्ध्या तासानंतर भाषणातली मराठी संपली आणि वरून आवाज येऊ लागला, "ओ मिस्त्री, काय करून राहिले? काढा ना बे खाली." शिडीनं उतरायला ते तयार नव्हते. धोतर होतं आणि खाली बाया होत्या.

त्यानंतर बाजारात कुणीही भेटो, मिस्टरांना एकच विचारणा. "काय मिस्त्री, आज कोनाला टांगलं?" ते हसून घेत. घरी आल्यावर मात्र मला म्हणाले, "तुहं खटक्याचं शास्तर ऱ्हाऊ दे. रोज आठ-आठ घंटे लाइट न्हाई. लोकाच्या गाड्या वरच लटकून राहिल्या तं शेडवर दगडं पडतील." तेव्हापासून ते गाडी वर नेत आणि तशीच ठेवत. लाइट गेली तरी खटक्यांची तार ओढून, दांडी दाबून तेल सोडलं की गाडी अलगद खाली येई, कारण ती खटक्यावर बसलेलीच नसे. म्हणजे रोज ते तेलाच्या भरवशावर उभ्या गाडीखाली काम करत होते. मी सांगून पाहिलं. मग सांगण्याचीही सवय झाली आणि न ऐकण्याचीही.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, लिफ्ट वेगळ्याच कारणानं आवडली होती. एवढं ओझं उचलणारा दुसरा कोण, मारुतीच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. पलीकडच्या खांबाचं झाकण नांदेडलाच कुठं हरवलं होतं, त्यामुळे तिथला खटका मुठीएवढा बाहेर डोकावत असे. गोल, गुळगुळीत, छातीच्या उंचीवर. आत्याबाईंनी त्याला शनिवारी तेलात कालवलेला शेंदूर लावला. मग दर शनिवारी लावू लागल्या. पुढे त्यांचे गुडघे धरले तेव्हा वाटी माझ्या हातात आली.

मी देव मानत नाही. हे मी शाळेत चारचौघांत बोलले आहे आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत. पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी मी त्या खटक्याला शेंदूर लावत असे. नाही म्हणण्यापेक्षा लावणं सोपं होतं. शिवाय मी तो नीट लावत असे, फटीत बोट घालून, एकसारखा, म्हातारीला बाजेवरून दिसेल असा. दोन वर्षं. शेडमधली धूळ त्यावर बसे, पुढच्या शनिवारी त्यावर नवा थर.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुमारास मला स्वयंपाकघरातून जाणवलं, की गाडी वर जाताना पूर्वीसारखा दुहेरी आवाज येत नाही. कधी येतो, कधी नुसता एकेरी. कट्, मग शांत, मग कट्. मला वाटलं, यंत्र आता सरावलं. नव्या जोड्यासारखं आधी कुरकुरलं आणि मग पायात बसलं. पुस्तिकेतली ती जाड अक्षरं मीच मोठ्यानं वाचली होती. मिस्टरांना तो फरक ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना हाक मारायची तर मी पत्र्यावर लाटणं वाजवत असे.

त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं. आदल्या आठवड्यात टाकीखाली तेलाचे डाग दिसले होते आणि मी हट्टच धरला. आजपासून खटक्यावर बसवल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही, लाइट असो नसो. ते आधी चिडले, मग जेवले, मग म्हणाले, "व्हय बाई. बसवतो. तुही शपथ."

दुपारी जवळा बाजारची एक जीप आली. शनिवार नव्हता, पण शाळेला सुट्टी होती, म्हणून मी ओट्यावर बसले होते. मिस्टरांनी जीप वर घेतली. मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "बघ गं, बसवून राहिलो." आणि दांडी दाबली.

अलीकडची बाजू बोटभर खाली आली आणि खटक्यावर थांबली. पलीकडची थांबली नाही. ती सावकाश खालीच जात राहिली. जीप एका अंगावर झुकली. ते दांडीजवळ होते, जीपच्या बाहेर, पूर्ण सुरक्षित. दांडी सोडून दोन पावलं मागं यायचं, एवढंच काम होतं. ते पुढं गेले. पलीकडच्या बाजूला धावले आणि उजवा खांदा लावून, एखादी बैलगाडी कलंडताना माणूस लावतो तसा, त्यांनी जीप धरली.

"सोडा," मी ओरडले. त्यांना ऐकू आलं नाही. आलं असतं तरी त्यांनी सोडली असती असं मला वाटत नाही.

नांदेडच्या दवाखान्यात सव्वा महिना गेला. हात काढावा लागला नाही, एवढंच डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. कोपर वाकेना, तीन बोटांना जाण उरली नाही. जीपवाला दोनदा भेटायला आला आणि मिस्टरांनी दोन्ही वेळा त्याला विचारलं, "दरवाजा लईच चेपला का?"

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले, तेव्हा आधी शेडमध्ये गेले. पलीकडचा खटका बोटानं दाबून पाहिला. हलला नाही. शेंदूर, तेल आणि धूळ यांचा लाल दगड झाला होता आणि स्प्रिंग त्यात रुतून बसली होती. मी रॉकेल आणलं, सुरी आणली आणि सगळं खरवडून काढलं. तासभर लागला. शेवटी खटका आपोआप कट् करून जागेवर आला. लाल चुरा मी नालीत टाकला. आत्याबाई आत झोपलेल्या होत्या. उठल्यावर भेटायला आलेल्या बायांना त्या सांगत होत्या, "मारुतीरायानं वाचवलं गं माय, न्हाईतं जीवच गेला असता." बाया मान डोलवत होत्या. मीही चहा देताना डोलवली. आत्याबाई पुढच्या वर्षी गेल्या, तोवर त्यांना मी काही सांगितलं नाही.

मिस्टरांना सांगितलं. ते घरी आल्यावर दोन महिन्यांनी, दुपारी, त्यांच्या हाताला तेल चोळत असताना. शेंदराचं सांगितलं, आवाजाचंही सांगितलं.

"काहून खरवडलं?" ते म्हणाले. "मला बघू तरी द्यायचं असतं. कसा अडकला ते."

मिस्त्रीला राग आला तो एवढ्याच गोष्टीचा. मी वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "खटके बघायचं काम माहं होतं. शेंदूर का तुवा लपून लावला?" आणि त्या विषयावरचं आमचं बोलणं कायमचं संपलं.

लिफ्ट त्यांनी पुन्हा चालवली नाही. तिच्याकडे पाठ करून बसत. वर्षभरानं खांब कापून भंगारात गेले. खड्डा तर आम्ही स्वतःच काँक्रीट ओतून बुजवला होता. मला वाटलं, आता सुटलो. मी पगार आणत होते, घर चालत होतं, आणि हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी बोलू दिलं.

एका शनिवारी दुपारी मी शाळेतून आले, तर शेडमध्ये जीप उभी. एका बाजूला जॅक, दुसऱ्या बाजूला दोन विटा आणि एक दगड. खालून दोन पाय बाहेर आलेले. डाव्या हातानं ते काम करत होते.

विटा वजनानं कधीही फुटतात. जॅक सरकतो. त्या लिफ्टवर, खटके साफ ठेवले असते, दोन्ही आवाज ऐकले असते, तर माणूस याच्या शंभरपट सुरक्षित असता. हे मला त्या पुस्तिकेतल्या क्रमानं, मुद्द्यांसह सांगता आलं असतं. मी पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं नाही. त्यांना मी शेवटचं सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

पुढची वर्षं अशीच गेली. जीप आली की मी वह्या घेऊन ओट्यावर बसते. तपासता तपासता मध्येच लाटणं पत्र्यावर मारते.

"काय गं?" खालून आवाज येतो.

"काही नाही. चहा घेणार का?"

"मगाच तं घेतला."

"बरं," मी म्हणते आणि पुढची वही उघडते.