तोट्यातली फेरी

दिवस उजाडता उजाडता सुनंदावहिनीचा फोन आला. "भाऊजी, आई गेल्या..." एवढंच बोलली. तिची सासू म्हणजे माझी रमाआत्या. मुंबईहून सकाळचं छोटं विमान मिळालं. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ते विमान आमच्या भागात येतं, कारण त्याचा तोटा सरकार भरून देतं. आत्याच्या मयतीला मी त्या अनुदानावर वेळेत पोचलो. तीन आठवडे झाले, पण ही गोष्ट घशाखाली उतरत नाही. कारण आत्या गेली ती बस नव्हती म्हणून.

अमडापूरच्या पुढे आडवाटेला आमचं गाव. आत्या तिथं अंगणवाडी सेविका होती. सकाळी घरी बुद्धमूर्तीपुढे त्रिशरण म्हणायची, मग अंगणवाडीचं कुलूप काढायची, आणि ज्या घरातलं पोर आलं नसेल त्या घरी जाऊन उभी राहायची. गावात बस येत नव्हती तेव्हा घरोघरी फिरून तिनेच अर्जावर सह्या-अंगठे गोळा केले होते. पहिल्या दिवशी ड्रायव्हरला हार घातला आणि कॉलेजच्या मुलींना पुढच्या सीटवर बसवून स्वतः मागे उभी राहिली.

निवृत्तीनंतर तिच्या किडन्या निकामी झाल्या. मोठ्या डॉक्टरांना दाखवायला मी तिला एकदा याच विमानाने मुंबईला नेलं. खिडकीतून पाहून झाल्यावर ती रिकाम्या खुर्च्या निरखत राहिली.

"एवढं रिकामं इमान कसं परवडते रे यायले?"

कमी पडेल ते सरकार देतं, असं मी सांगितलं. आत्या खूश झाली. "बरोबर हाये. दूरच्या मानसाले जवळ आनाचं त सरकारनं हात लावलाच पाह्यजे."

नंतर आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, बुलढाण्याला डायलिसिस सुरू झालं. सकाळच्या बसने ती एकटी जायची, संध्याकाळी परत यायची. वर्षभर सुरळीत चाललं. मग एका सोमवारी कंडक्टरनेच गावात सांगितलं, उद्यापासून ही फेरी बंद.

आत्या दवाखान्याची फाईल घेऊन एसटीच्या डेपोत गेली. मी रजेवर होतो, सोबत होतो. साहेबांनी कागद न वाचताच बाजूला सारला.

"फेरी तोट्यात आहे, बाई. प्रवासी नाहीत."

"इमानातबी नव्हते, साहेब. म्या सोता पाह्यलं. तरी सरकार त्याले पैसा देते."

साहेब हसले. "विमानाची गोष्ट वेगळी असते."

"काऊन वेगळी?"

साहेबांनी चहा मागवला, स्वतःपुरता... ते हसणं मला आजही ऐकू येतं. विमानाचा तोटा झाला की त्याला विकास म्हणायचं, आणि अंगणवाडीच्या बाईची बस तोट्यात गेली की प्रवासी नाहीत म्हणायचं! विमान बंद करा, असं आत्या कधी म्हणाली नाही. तिचा प्रश्न साधा होता. आम्ही कमी दूर आहोत का?

मग तिची पायपीट सुरू झाली. तीन किलोमीटर चालत फाटा गाठायचा आणि काळीपिवळीत बसायचं. ती जीप भरल्याशिवाय हलायची नाही. उशीर झाला की मशीनवर दुसऱ्याचा नंबर लागलेला असे. मी म्हटलं, मुंबईला चल. "इथली पोरं शाळेत कशी जातीन, हे कोन पाह्यनार?" म्हणाली, आणि पुन्हा अर्ज लिहायला बसली. मी गाडीची कायमची सोय करायला हवी होती. पुढच्या महिन्यात करू, म्हणत राहिलो. त्या साहेबांइतकाच मीही...

शेवटच्या आठवड्यात मंगळवार हुकला. शुक्रवारी फाट्यावर दोन तास बसली. अंग सुजलेलं, धाप लागलेली. गाडी भरली नाही. वहिनीने तिला कुणाच्या तरी मोटारसायकलवर घरी आणलं. शनिवारी उजाडायच्या आत सगळं संपलं.

तिच्या नावाने वंदना झाली त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तिच्या खोलीत गेलो. दाराशी खिळ्याला कापडी पिशवी टांगलेली होती. आत दवाखान्याची फाईल, शाल, पाण्याची बाटली आणि बससाठीचा नवा अर्ज, खाली बायकांच्या सह्या. मी पिशवी काढायला हात घातला, तर वहिनीने अडवलं.

"राहू द्या, भाऊजी. येत्या मंगळवारी आमी साऱ्याजनी डेपोत जाऊन राह्यलो. तवा हेच पिशवी नेऊ."