रिबका मावशी, मातीचा गोलेम आणि माझा शनिवार

रविवारी रिबका मावशीला मातीत ठेवलं आणि तासाभरात मी परत कांदे चिरत होतो.

लोक म्हणाले, डोळे लाल झालेत तुझे. कांदा आहे म्हटलं.

मावशी माझी नात्यातली नाही. मी जर्सी सिटीत एका व्हेज हॉटेलात किचनला आहे. मागच्या गल्लीतल्या बिल्डिंगमध्ये ती राहायची. दर शुक्रवारी मी तिचा डबा द्यायला जायचो. सूर्य बुडायच्या आत.

पहिल्या दिवशी दार उघडून म्हणाली, "कुठला रे तू? चेहऱ्यावरून आपल्याकडचा दिसतोस."

मी चाटच पडलो. नाव रिबका, दाराच्या चौकटीला यहुदी लोक लावतात ती छोटी डबी ठोकलेली, आणि बोलणं पक्कं अलिबागकडचं!

"आम्ही यहुदी. कोकणातले शनवार तेली. घाणा चालवायचो, पण शनिवारी बंद. बैलालासुद्धा सुट्टी. तुला कधी असते?"

"मला नसते."

"म्हणजे बैलाच्या खाली गेलास की रे!"

अशी होती. तोंडाने फटकळ, पण चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही.

तिचा नातू नेथन इथेच जन्मलेला. मराठी समजतं, बोलताना अडतो. कार्टून सिरीज बनवतात तिथे काम करतो. एका शुक्रवारी त्याने लॅपटॉपवर आम्हाला त्यांची नवी सिरीज दाखवली. त्यात मातीचा एक धिप्पाड माणूस. न्यूयॉर्कच्या एका जुन्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये राहतो. भाडेकरूंची राखण करतो, सामान उचलतो, बॉयलर बिघडला तर खांद्याने रेटून धरतो. एक शब्द बोलत नाही.

"हा कोण ठोंब्या?" मी विचारलं.

"ठोंब्या नाही, गोलेम," मावशी म्हणाली. "यहुद्यांच्या जुन्या गोष्टीतला आहे. आमच्या कोकणात नव्हता हो हा, मला पण इथे येऊनच कळला. नदीकाठच्या मातीचा करायचे, लोकांना राखायला. सांगितलं तेवढं करतो."

"मावशी, मी पण बेसमेंटलाच राहतो. हॉटेलच्या खाली."

नेथन हसला. मावशी नाही हसली.

त्या सिरीजमध्ये एक मुलगी दर शुक्रवारी संध्याकाळी, यहुद्यांचा शनिवार लागतो तेव्हा, गोलेमच्या कपाळावरचं त्याला चालवणारं अक्षर पुसते. मग तो शनिवारभर गप पडून राहतो. मातीला पण आराम.

मावशी स्क्रीनकडे बोट करून म्हणाली, "बघितलंस? चिखलाला सुट्टी आहे. तू एकदा तोंड उघडून माग तरी."

मागितली होती हो.

आमच्या मालकांना सगळे काका म्हणतात. आपलेच आहेत, मराठी. काका म्हणाले, "अरे, तू घरचा ना? घरातला माणूस कधी सुट्टी मागतो का?" झोपायची जागा त्यांची. पासपोर्ट त्यांच्या कपाटात, का तर 'सेफ' राहावा. घरचा म्हटलं की माणूस पुढे काय बोलणार यार!

मागच्या शुक्रवारी मावशी गेली. शनिवारी त्यांच्यात पुरत नाहीत, म्हणून रविवार ठरला. आणि रविवारी आमच्याकडे बफे.

काका म्हणाले, "ती तुझी कोण लागते?"

ॲप्रन काढून ठेवलं आणि गेलो.

तिथे एकेक जण फावड्याने माती टाकत होता. नेथनने टाकली. पुढचा नंबर माझा, मी हात पुढे केला.

त्याने फावडं माझ्या हातात दिलंच नाही. मातीच्या ढिगात खुपसलं आणि बाजूला झाला.

माझा हात तसाच हवेत.

आमच्या आजोबांना गावात चहाचा कप असाच खाली ठेवून द्यायचे. हातात नाही. ते सगळं ऐकत मोठा झालोय मी. डोकंच फिरलं. म्हटलं, सातासमुद्रापार पण हेच? तेही मावशीच्या मातीला? वळून चालायलाच लागलो.

नेथन धावत मागे आला. "नो, नो, ब्रो! इट्स नॉट यू. कोणालाच नाही देत हातात. दुःख... ते पास नाही करायचं, म्हणून. आजीने मला सांगितलेलं."

मग आठवलं. खरंच, त्याच्या आईने पण खुपसलेलंच उचललं होतं.

मी परत गेलो. नेथन म्हणाला, फावडं आधी उलटं धर. उलट्या फावड्यावर माती थोडीशीच राहते. तसंच करायचं, कारण ह्या कामात घाई करायची नसते.

इथे आल्यापासून माझ्या हातांना इतकं हळू काम कोणी करू दिलं नव्हतं.

तिथून परत हॉटेललाच आलो. दुसरीकडे जाणार कुठे? काका एवढंच म्हणाले, "कांदे राहिलेत."

पण काल मी सांगितलं, "काका, उद्या येणार नाही."

"का? यहुदी झालास काय?"

"नाही. फक्त शनिवार पाहिजे. दर आठवड्याला."

"मग राहायची जागा पण बघ."

आज शनिवार. सकाळपासून नदीकाठी बाकावर बसलोय. समोर मॅनहॅटन. पाय आपोआप हॉटेलकडे वळतात, परत येऊन बसतो. सुट्टीत काय करतात हेच माहीत नाही मला.

सोमवारी नेथन येतो म्हणालाय, पासपोर्ट मागायला. देतील, नाही देतील, माहीत नाही. जर्सी सिटीत शेअरिंगमध्ये कुठे जागा असेल तर प्लीज सांगा. कोपरा चालेल.

हे लिहितोय तर फोन वाजतोय. काकांचा. चौथा की पाचवा.

वाजू दे.

मावशी, तू कोण लागायचीस ते मला अजून सांगता येत नाही. निवांत पड. ह्या पोराची मनापासून श्रद्धांजली.

शालोम. जय भीम.