आप्पांचं सहावं बटण

आमच्या घरी एक ड्रॉवर आहे. त्यात मेलेले रिमोट पडून असतात. टीव्ही बदलतो, केबलचा डबा बदलतो, शेजारची माणसं बदली होऊन निघून जातात आणि जाताना आपलाही एखादा रिमोट आमच्याकडे टाकून जातात. टाकून द्यायला हात धजत नाही. किश्शांचंही तेच. एकेक साठत जातो, आणि कोणी चहाला आलं की ड्रॉवर उघडावाच लागतो. आज तुम्ही सापडलात!

मी साबणीस. विमा कंपनीत होतो, बदलीवर जयपूरला आलो, रिटायर झालो आणि इथेच राहिलो. इथली आम्ही पंधरा-वीस मराठी घरं महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. बँकेतले, केंद्र सरकारातले, हल्ली आयटीतली पोरंही येतात. या सगळ्या गोतावळ्याचा मी रिमोटवाला.

झालं असं, की आमच्या घरात एका टीव्हीला तीन रिमोट झाले होते. मी एक युनिव्हर्सल रिमोट आणला, पुस्तिकेतले नंबर घातले, आणि तासाभरात तिन्हींचं काम एकावर आणलं. बायकोने ते पहिल्या रविवारी सगळ्यांना सांगितलं. आमची ही बोलली की ती नुसती बातमी नसते, माझी नेमणूक असते!

* * *

पुढे लोकांकडे स्मार्ट टीव्ही आले आणि माझ्या पुस्तिकेतले नंबर चालेनात. मी तडक चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, माझ्या दुकानदाराकडे गेलो. गल्लीत एवढंसं दुकान, पण भिंतभर रिमोट टांगलेले.

त्याने एक काढून समोर ठेवला. "भाईसाब, ये यूनिवर्सल है. दुनिया का हर टीवी चलेगा!"

"नया स्मार्ट टीवी भी?"

"नहीं. वो दुनिया में नहीं आता."

मी उठायला लागलो, तसा त्याने खालून दुसरा डबा काढला. त्यात पांढरा रिमोट, त्यावर मोठाली सहाच बटणं आणि कोपऱ्यात एक बारीक लाल. "इसको कुछ नहीं आता," तो म्हणाला, "पर ये सीखता है. असली वाले को इसके सामने रखो, एक-एक बटन सिखाओ. जो सिखाओगे, वही करेगा."

मी लगेच दोन घेतले. इतका प्रामाणिक बायोडेटा मी नोकरीत असतानाही वाचला नव्हता.

* * *

त्यातला पहिला गेला मुरलीपुऱ्यात फडणीस वहिनींकडे. खरं तर त्यांच्याकडे आधीचा, आपोआप शोधणारा रिमोट होता. तो टीव्हीसमोर धरायचा, तो एकामागून एक बंद करण्याचे सिग्नल सोडत राहतो, आणि टीव्ही बंद झाला की आपण बटण दाबून त्याला थांबवायचं. वहिनींनी तो सुरू करून खिडकीत ठेवला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेल्या.

त्यांचा टीव्ही बंद झालाच नाही. बंद झाला तो अरुंद गल्लीपलीकडच्या शर्माजींचा, तोही मॅचच्या शेवटच्या ओव्हरला! शर्माजी खिडकीत येऊन ओरडले, "भाभीजी, मैच था!"

वहिनींनी घाबरून दिसेल ते बटण दाबलं. शर्माजींचा टीव्ही चालू झाला.

मी गेलो तेव्हा मला वाटलं, भांडण मिटवावं लागणार. बघतो तर शर्माजी खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले. त्यांचा स्वतःचा रिमोट महिनाभर बिघडलेला होता. "भाभीजी," ते म्हणाले, "थोड़ी आवाज़ बढ़ाना!"

वहिनींना मी शिकणारा रिमोट दिला. जुना त्यांनी परत केला नाही. "असू दे हो," त्या म्हणाल्या, "शर्माजींसाठी लागतो."

* * *

आता आप्पा. ड्रॉवर उघडला तो खरा त्यांच्यासाठीच.

आप्पा खटावकर सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलाचे हेडमास्तर होते. पत्नी गेल्यावर मुलाने, शिरीषने, त्यांना जयपूरला आणलं. शिरीष बँकेत मोठा अधिकारी, सून मंजिरीही नोकरी करते. दोघंही लाख माणसं. आप्पांना स्वतंत्र खोली, दूध वेळेवर, औषधं वेळेवर.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मे महिन्यात. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि आप्पा हॉलमध्ये स्वेटर घालून बसलेले! एसी अठरावर होता. शिरीष उन्हातून यायचा आणि आल्या आल्या अठरा करायचा.

मंजिरी म्हणाली, "आप्पा, थंडी वाजत असली तर सांगा हं."

"छे छे! उत्तम आहे," आप्पा म्हणाले.

मग ते हळूच उठून बाल्कनीत गेले. मीही मागोमाग गेलो. मे महिन्यात जयपुरात ऊन खायला बाहेर येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"साबणीस," ते कठड्याला हात टेकून म्हणाले, "पोरांनी काही कमी केलेलं नाही. पण घर त्यांचं आहे. पंखा हवा, सांगा. टीव्ही हवा, सांगा. आयुष्यभर मी इतरांना सांगितलं हो. मागायची सवय नाही मला, आणि आता ती लागेल असं वाटत नाही."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. एसीत मी पडणं बरं दिसलं नसतं, तो घरचा प्रश्न. पण टीव्ही माझ्या खात्यातला! त्यांच्या नव्या टीव्हीचा रिमोट चपटा, गुळगुळीत, बटणं तिळाएवढी. आप्पांचा अंगठा दर वेळी खालच्या एकमेव मोठ्या बटणावर, म्हणजे सिनेमांच्या ॲपवर, पडायचा आणि मराठी बातम्यांऐवजी कुठली तरी इंग्रजी मारामारी सुरू व्हायची. मग मंजिरीला हाक.

"आप्पा, पुढच्या रविवारपर्यंत हा टीव्ही तुमच्या हुकमात असेल," मी म्हणालो. मी शब्द दिला की दिला.

* * *

पण मधल्या आठवड्यात आमच्यातला अनिकेत तिथे पोचला. अनिकेत आयटीत आहे, पुण्याचा आहे, आणि या दोन्ही गोष्टी तो विसरू देत नाही.

"काका, रिमोट वगैरे कोण वापरतं आता? त्याच्या माइकवर बोलायचं!" असं म्हणून त्याने आप्पांना माइकचं बटण दाखवलं.

आप्पांनी रिमोट तोंडाजवळ धरला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बातम्या लाव."

टीव्हीवर गोल गोल फिरलं. काही झालं नाही.

"आप्पा, प्लीज म्हणून बघा," मंजिरी गमतीने म्हणाली.

आप्पांनी रिमोट शांतपणे टीपॉयवर ठेवला. "सत्तावीस वर्षं हेडमास्तर होतो. आता डब्यापुढे अर्ज करू?"

अनिकेत हार मानणाऱ्यातला नव्हे. त्याच शनिवारी काही मंडळी आमच्याकडे चहाला जमली, तेव्हा त्याने आठ जणांच्या फोनवर टीव्हीचं ॲप टाकून दिलं आणि आठही फोन आमच्या टीव्हीला जोडले. पाच मिनिटं सगळे खूश. मग एक आवाज वाढवतोय, दुसरा कमी करतोय, तिसऱ्याने भजन लावलं, चौथ्याने क्रिकेट, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला विचारतोय, "कोण करतंय हे?"

आमची ही स्वयंपाकघरातून आली आणि भिंतीवरचा मेन स्विच बंद केला. "हा बघ रे अनिकेत, खरा युनिव्हर्सल!"

* * *

ठरल्याप्रमाणे रविवारी मी दुसरा पांढरा रिमोट घेऊन आप्पांकडे गेलो. शिरीष-मंजिरी बाजारात गेले होते.

नव्या टीव्हीच्या रिमोटची एक खोड असते. तो ब्लूटूथवर बोलतो, म्हणजे टीव्हीच्या कानात कुजबुजतो. शेजारी बसलेल्याला काय ऐकू येणार? म्हणून आधी त्याची टीव्हीशी जुळलेली जोडी तोडायची. मग तो जुन्या पद्धतीने समोरून सिग्नल सोडायला लागतो. सगळेच सोडतात असं नाही, पण आप्पांच्याने सोडला. इथवर मी एकदम रुबाबात होतो.

पुढची कृती सोपी. लाल बटण दाबून धरायचं, दिवा लागला की पांढऱ्यावरचं हवं ते बटण दाबायचं, दोन्ही रिमोट नाकासमोर नाक धरायचे आणि जुन्यावरचं तेच बटण दाबायचं. दिवा तीनदा लुकलुकला म्हणजे शिकला.

माझा एकदाच लुकलुकायचा. पाच वेळा, सात वेळा, दहा वेळा! मी घामाघूम, तेही त्या हॉलमध्ये. "माल खराब निघाला आप्पा," मी म्हणालो. "ढ आहे हा."

"ढ विद्यार्थी नसतो, साबणीस. घाईचा मास्तर असतो. द्या इकडे."

त्यांनी टीपॉयवर एक जाडजूड पुस्तक ठेवलं. त्यावर दोन्ही रिमोट समोरासमोर निजवले, मध्ये दोन बोटांचं अंतर सोडलं. "मास्तर आणि मुलगा एका पातळीवर नकोत का? तुम्ही दोघांनाही हवेत हलवताय." मग लाल बटण, मग पहिलं बटण, मग घाई न करता जुन्यावरचं बटण.

दिवा तीनदा लुकलुकला.

चालू-बंद, आवाज वर, आवाज खाली, चॅनल पुढे, चॅनल मागे. पाच बटणं आप्पांनी एका तासिकेत शिकवून काढली. मी नुसता दिवे मोजत होतो.

"सहाव्याला काय शिकवायचं?" मी विचारलं.

"राहू दे. वर्गात एक बाक रिकामा असावा. उशिरा येणारं पोर कुठं बसेल?"

मग त्यांनी स्वतः टीव्ही लावला, मराठी बातम्या काढल्या, आवाज हवा तेवढा केला. कुणालाही हाक न मारता! स्वेटरची बटणं लावून ताठ बसले, जणू शाळा तपासायला आले आहेत. मला त्या दिवशी रिटायर झाल्यानंतर पहिल्यांदा प्रमोशन मिळाल्यासारखं वाटलं.

* * *

पंधरा दिवसांनी शिरीषचा फोन. "काका, टीव्ही झकास. आता एसीचं काहीतरी बघा."

"एसी माझं खातं नाही रे."

"मेकॅनिक दोनदा येऊन गेला. गॅस भरलेला आहे, फिल्टर साफ आहे. मी अठरा लावतो, रिमोटवर अठराच दिसतात, आणि थोड्या वेळाने हॉल मात्र कोमट! तुम्ही या तर खरे."

गेलो. आप्पा नेहमीच्या खुर्चीत बातम्या बघत होते, मांडीवर पांढरा रिमोट. काहीतरी वेगळं दिसत होतं, पण काय ते मला चटकन कळेना. मग लक्षात आलं, अंगात स्वेटर नव्हता.

शिरीषने माझ्यासमोर एसीचा रिमोट दाबला. टिंग! गार वारा सुटला. "बघत राहा हं काका," म्हणून तो फोन घ्यायला आत गेला. मंजिरी चहा टाकायला गेली.

आप्पांनी टीव्हीचा आवाज दोन घरं वाढवला. मग त्यांचा अंगठा सावकाश खाली सरकला, अगदी शेवटच्या बटणावर.

टिंग.

बातम्यांच्या आवाजात ते आत कोणालाच ऐकू गेलं नाही. वारा मंदावला. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा बातम्यांकडे पाहत होते.

"दुपारी घरात कोणी नसतं," ते हळूच म्हणाले. "शिकवणीला शांतता लागते. आधी एसीच्या रिमोटवर सत्तावीस लावून घेतले, मग दिला समोर बसवून. उशिरा आला, पण मुलगा हुशार निघाला."

शिरीष बाहेर आला, हात हवेत फिरवून बघितला आणि ओरडला, "बघा! पुन्हा कोमट!" त्याने एसीचा रिमोट माझ्या नाकापुढे धरला. त्यावर अजूनही अठराच होते. त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक, की हा हुकूम दुसऱ्यानेच दिलाय!

मंजिरीही चहाचे कप घेऊन आली. आता दोघं माझ्याकडे बघत होते. आप्पाही बघत होते, आणि मी त्यांना प्रथमच थोडं घाबरलेलं पाहिलं. माझी इतक्या वर्षांची कीर्ती पणाला लागली होती. एका वाक्यात मी दोष शोधून दाखवला असता.

मी उठलो. एसीखाली उभा राहिलो, वर हात केला, कान लावला, जाणकारासारखी मान हलवली.

"शिरीष, यात काही बिघाड नाही. पण वय झालं की अठरा सोसत नाहीत. राहू दे असाच."

शिरीषने मान डोलावली. रिमोटवाले काका म्हणाले म्हणजे संपलं! आप्पांनी टीव्हीचा आवाज दोन घरं कमी केला आणि माझ्या चहात स्वतः साखर घातली.

* * *

पुढचा पहिला रविवार आमच्याच घरी होता. आप्पा आले होते, अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून. जेवणं झाल्यावर ते आमच्यातल्या म्हाताऱ्या मंडळींच्या घोळक्यात बराच वेळ काहीतरी सांगत बसले होते. मी जवळ गेलो की विषय बदलायचा.

चहाच्या वेळी तीन आज्या मला एका कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिघीही मुलाकडे राहणाऱ्या. तिघींनाही तो पांढरा, सहा बटणांचा रिमोट हवा होता.

"टीव्ही बिघडला का?" मी विचारलं.

"छे! टीव्ही उत्तम आहे," एक म्हणाली. बाकी दोघींनी माना डोलावल्या.

"मग? आणि त्याला शिकवायला जुना रिमोट लागतो. तो आणलाय का?"

तिन्ही पर्सच्या चेन एकदम उघडल्या. तिघींनी तीन रिमोट काढून माझ्यापुढे धरले. एकावर अठरा होते. दुसऱ्यावर अठरा. तिसऱ्यावर सोळा.