रोल नंबर तेवीसची अक्षत

मध्य प्रदेशातल्या सिहोऱ्यात मराठी घरं साडेचार. चार पूर्ण, आणि अर्धं पुंडलिकरावांचं, कारण त्यांची बायको बुंदेलखंडची आणि ती पुरणपोळीला अजून 'मीठी रोटी' म्हणते. या साडेचार घरांत कोणाकडे काय शिजणार, हे चूल पेटायच्या आधी बेबीकाकूंना ठाऊक असतं. त्यामुळे हरदासांची अवंती जबलपूरला युनिव्हर्सिटीत शिकायला गेली, तेव्हा तिच्या बॅगेत कुर्ते किती होते इथपासून ती बसमध्ये कोणत्या खिडकीशी बसली इथपर्यंतची बातमी दुपारच्या चहाला सगळीकडे पोचली होती. एक गोष्ट तेवढी बेबीकाकूंच्या हाती लागली नाही. जबलपूरला पोचलेल्या अवंतीशी बोलायला तिथे कोणीच नव्हतं.

हॉस्टेलची खोली दोघींची होती. दुसऱ्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली. "आ जाएगी कोई, एक-दो हफ्ते में," वॉर्डन म्हणाली होती. कोणी आली नाही. अवंतीने त्या खाटेवर आधी टॉवेल टाकला, मग पुस्तकं मांडली, आणि एके संध्याकाळी सगळं उचलून खाट पुन्हा मोकळी केली. न जाणो, आली तर!

बी.कॉम.च्या वर्गात सत्तर पोरं. आठवड्याभरात त्यांची टोळकी जमली. कोण कोणाच्या शाळेतलं, कोण कोणाच्या कोचिंगमधलं, कोण एका कॉलनीतलं. अवंती सिहोऱ्याच्या शाळेत सदैव पहिली; तिथे तिला विचारल्याशिवाय वर्गातला खडूसुद्धा हलत नसे. इथे पहिल्या आठवड्यात तिच्या तोंडून निघाले ते दोनच शब्द, 'प्रेझेंट सर.' रोज तेच.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन लायब्ररीच्या मागच्या जिन्यावर बसायची. एकटी दिसू नये म्हणून तिने एक युक्ती काढली होती. कोणाची चाहूल लागली की नुसताच फोन कानाला लावायचा आणि म्हणायचं, "हां, हां, बस आती हूँ." बरी चालली होती युक्ती. पण एकदा असं बोलता बोलता फोन खरोखरच कानात ठणाणा वाजला, आणि बाईसाहेब अशा दचकल्या की लिंबाचं लोणचं तीन पायऱ्या खाली गेलं.

फोन आईचा होता.

अनसूयाबाई सिहोऱ्याला तशा एकट्याच. नवरा श्यामसुंदर रेल्वेत, ड्यूटी इटारसीला; पंधरा दिवसांनी घरी उगवणार आणि त्यातलेही दोन दिवस झोपणार. लेक गेल्यापासून घरात बोलायला उरलं होतं काय, तर प्रेशर कुकर. म्हणून त्या रोज फोन करायच्या.

"जेवून राहिली का ग?"

"हो."

"कोणासोबत?"

हा प्रश्न रोजचा. रोज अवंती 'आहेत मुली' म्हणून सुटायची. त्या दिवशी मात्र लोणचं सांडलेलं, डोळे भरून आलेले. 'कोणीच नाही' हे अगदी ओठांपर्यंत आलं. ते बाहेर पडलं असतं तर आईने संध्याकाळची बस धरली असती. म्हणून जे नाव समोर आलं ते तिने घेतलं.

"समृद्धीसोबत."

हे नाव आलं कुठून? हजेरीतून. रोल नंबर प्रवेशाच्या क्रमाने लागले होते. बाविसावी अवंती. तिच्यानंतर सर चष्मा सावरायचे, दम घ्यायचे आणि म्हणायचे, "तेईस... समृद्धि पंढरी... पांडे?" नाव खरं तर समृद्धी पांढरीपांडे. उत्तर यायचं नाही. सर जरा थांबायचे आणि चोविसावर जायचे. वर्गात आपल्याखेरीज आणखी एका मुलीला कोणी ओळखत नाही, याचा अवंतीला त्या थांबण्यात केवढा तरी आधार वाटायचा.

"कोण समृद्धी?" आईने विचारलं.

"पांढरीपांडे."

आता मराठी बाईला आडनाव सांगणं म्हणजे मुंगीला साखरेच्या डब्याचं झाकण उघडून देणं.

"अगबाई! म्हणजे आपल्यातलीच की! कुठले पांढरीपांडे? नागपूरच्या महालातले का? त्यांच्याकडे माझ्या मावसजावेची नणंद दिलेली!"

"असतील तेच," अवंती म्हणाली, आणि इथे ती फसली.

त्या दिवसापासून समृद्धी वाढीला लागली. आई रोज विचारणार, लेक रोज सांगणार. समृद्धी दोन वेण्या घालते. समृद्धीला सुरळीच्या वड्या फार आवडतात. समृद्धी पालीला घाबरते. पाल दिसली की बेंचवर चढते. आपलंच सांगितलेलं विसरू नये म्हणून अवंतीने वहीच्या मागच्या पानावर टिपणच काढलं. त्या सेमिस्टरला इतका मन लावून अभ्यास तिने दुसऱ्या कुठल्या विषयाचा केला नाही. आणि गंमत अशी, की 'आज समृद्धीशी भांडण झालं' असं एकदा सहज सांगितलं, तर त्या दिवशी जिन्यावर तिला डबा खरोखरच जाईना.

भाद्रपद जवळ आला. हरदासांकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला सवाष्ण हवी आणि कुमारिका हवी. सवाष्ण म्हणून बेबीकाकू कायमच्या. कुमारिकेचा पाट त्यांच्या अपूर्वाचा असायचा, पण ती नोकरीला पुण्याला गेली. बाकीच्या पोरी कोणी नागपूरला, कोणी बंगलोरला. घरची मुलगी चालत नाही. घरच्या मुलीने वाढायचं असतं.

"तुझ्या समृद्धीलाच सांगू," अनसूयाबाई म्हणाल्या. अवंती रविवारी घरी आली होती, तिच्या हातातला चहा थंड झाला.

"तिला नाही जमणार आई. ती... बिझी असते."

"महालक्ष्म्यांना बिझी? चलो, काहीतरीच! मी अक्षत देते."

आणि त्यांनी कुंकू लावलेल्या तांदळांची पुडी बांधून लेकीच्या बॅगेत घातली. हरदासांची ही रीत कडक. हे आमंत्रण फोनवर चालत नाही, अक्षत हातात द्यावी लागते. घेणाऱ्याने घेतली की त्याचा पाट मांडला गेला समजायचं. आणि मांडलेला पाट रिकामा राहिला तर महालक्ष्म्या उपाशी गेल्या असं धरतात. अनसूयाबाईंच्या सासूने एका वर्षी रिकाम्या पाटापायी सगळ्यांची जेवणं दोन तास अडवली होती.

ती पुडी अवंतीच्या बॅगेत बारा दिवस फिरली. कँटीनमध्ये समोर बसलेल्या मुलीला द्यावी? 'ये क्या है?' म्हटली तर? लायब्ररीतल्या दीदींना? त्यांना दोन मुलं. एका मुलीपाशी तर ती पुडी मुठीत घेऊन गेलीही; मुलीने वर पाहिलं, अवंतीने विचारलं, "टाइम क्या हुआ?" भिंतीवर हे एवढं घड्याळ होतं.

जेवणाला दोन दिवस राहिले. अवंती ऑफिसच्या खिडकीशी परीक्षेचा फॉर्म भरायला उभी होती, तेवढ्यात आतून बाबू ओरडला, "समृद्धि पंढरी पांडे! टी.सी. ले जाओ!"

रांगेतून एक उंच मुलगी पुढे झाली. कापलेले केस, खांद्याला लॅपटॉपची बॅग. वेण्यांचा पत्ताच नाही. अवंती तिच्याकडे अशी बघत राहिली, जसं आपण लिहिलेलं पत्र उठून चालायला लागावं.

"तुम... समृद्धी?"

"हाँ?"

"मैं अवंती. रोल नंबर बाईस. तुम तेईस हो."

"अच्छा," मुलगी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

अवंतीला बोलायचं होतं पुष्कळ. पण तोंडातून निघालं ते असं, आणि तेही मराठीत:

"तुला पालीची भीती वाटते का?"

मुलगी हसली. "नाही बा. काहून?"

त्या 'काहून'ने अवंतीचा बांध फुटला. गेल्या दोन महिन्यांत त्या आवारात तिच्याशी मराठीत कोणी बोललं नव्हतं. तिने पुडी काढून पुढे धरली. "आईने दिली. महालक्ष्म्यांचं जेवण आहे आमच्याकडे, सिहोऱ्याला. परवा. कुमारिका म्हणून."

मुलीने क्षणभर पुडीकडे पाहिलं, आणि मग, घरी आजीने वळण लावलेलं असणार, उजवा हात पुढे केला, डावा हात त्याच्या कोपराला लावला, अक्षत घेतली आणि कपाळाला टेकवली.

टेकवून झाल्यावर म्हणाली, "अगं, पण मी तर आज निघून राहिले. नागपूरला ॲडमिशन झाली ना माझी, दुसऱ्या राउंडला. इथे मी एक दिवसही बसले नाही." तिने पुडी जपून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. "काकूंना नमस्कार सांग हं माझा. छान वाटलं."

आणि गेली. ओळख पाच मिनिटांची, मैत्री दोन महिन्यांची, आणि अक्षत घेतलेली.

जेवणाच्या दिवशी सकाळी अवंती बसमधून उतरली ती एकटीच. घरात महालक्ष्म्या शालू नेसून उभ्या, सोळा भाज्यांचा वास गल्लीपर्यंत. ओसरीवर बेबीकाकू नथ घालून तयार.

"कुठं आहे तुझी पांढरीपांडे? मागच्या बसने येऊन राहिली का?"

"येते," अवंती पुटपुटली आणि आत सटकली.

आत काय पाहावं? आईने सुरळीच्या वड्यांचं ताट वेगळं झाकून ठेवलेलं. एका तबकात हिरव्या बांगड्या आणि खणाचं कापड, 'समृद्धीसाठी'. आणि ट्यूबलाइटमागची जुनी पाल दिसत नव्हती. अनसूयाबाई दोन दिवस झाडू घेऊन तिच्या मागे होत्या म्हणे; उगाच पोर घाबरायला नको. पाटाभोवती रांगोळी काढून झाली होती.

"आई," अवंतीने गॅसपाशी जाऊन सांगितलं, "ती येणार नाही. ती नागपूरला गेली."

"असं कसं? अक्षत दिली नाही का तू?"

"दिली. तिने घेतली. पण आई, मी तिला परवाच पहिल्यांदा पाहिलं."

अनसूयाबाईंच्या हातातला झारा तुपात तसाच राहिला. अवंतीने सगळं सांगितलं. जिना, खोटा फोन, हजेरी, वहीचं मागचं पान. सांगताना ती आईकडे न बघता वड्यांवरचं खोबरं एका बाजूला लोटत होती.

"म्हणजे कोणीच नव्हतं?" आईने विचारलं.

"नाही."

"रोज एकटीच जेवत होतीस?"

"हो."

बाहेरून बेबीकाकूंची हाक आली, "अहो अनसूयाबाई, बारा वाजून राहिले! कुमारिका आली की नाही?"

अनसूयाबाईंनी गॅस बंद केला. "मला सवय झाली होती ग तिची," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी उठले की वाटायचं, आज पोरी काय करत असतील." मग पदराने तोंड पुसलं, डब्यातले चिमूटभर तांदूळ घेतले, त्यांना कुंकू लावलं आणि लेकीचा हात ओढून त्यात ठेवले.

"चल. बस पाटावर."

"मी?"

बाहेर बेबीकाकू तयारच होत्या. "अहो, हे काय भलतंच! घरची पोरगी कुमारिका चालत नसते. सासूबाई असत्या तर..."

"ती घरची कुठं राहिली आता, वहिनी?" अनसूयाबाई म्हणाल्या. "पाहुणीच तर आहे. परवा परत जाईल."

बेबीकाकूंनी नथ सावरली आणि सरकून पाटाकडे जायला वाट दिली.

अनसूयाबाई तांब्या घेऊन खाली बसल्या. कुमारिकेचे पाय धुवायचे असतात. अवंतीने पाय मागे घेतले. आईने धरून पुढे ओढले, पाणी घातलं, पुसले, कुंकू लावलं. लहानपणी हेच पाय चिखलाने भरले की पाठीत धपाटा बसायचा. आज आई वाकून पाय पुसत होती आणि अवंतीला वाटलं, एक धपाटा बसला असता तर बरं झालं असतं. मग दर सणाला वाढणारी ती, पहिल्यांदाच पंगतीला बसली, आणि आईने तिला 'लाजू नको, सावकाश होऊ दे' असं परक्या मुलीला म्हणतात तसं म्हणत पुरण वाढलं. हिरव्या बांगड्या तिच्या हाताला थोड्या सैल झाल्या.

बेबीकाकू पोटात काही ठेवणाऱ्या नाहीत, पण पांढरीपांड्यांची पोर आयत्या वेळी आजारी पडली, एवढंच गावाला कळलं. ते कोणी सांगितलं, देव जाणे.

नोव्हेंबरात एकदा सरांनी पुन्हा दम घेतला. "तेईस... समृद्धि पंढरी..."

"सर, वो नागपुर चली गई," अवंती उभी राहून म्हणाली. सत्तर माना वळल्या. सरांनी लाल पेनने नाव खोडलं. दुसऱ्या दिवसापासून बाविसानंतर थेट चोवीस. मधलं थांबणं गेलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी, प्रणोती नावाची, तेव्हापासून कधीमधी 'क्या पढ़ा?' एवढं विचारते. डबा मात्र अजून जिन्यावरच. फोन खरा असतो, एवढाच फरक.

"कोणासोबत जेवून राहिली?"

"एकटीच."

"मीही एकटीच बसले." मग दोन्हीकडे नुसता चावण्याचा आवाज. आणि मग अनसूयाबाई, जशी काही आत्ताच बातमी लागली असावी, म्हणतात, "समृद्धीला नागपूरचं जेवण सोसत नाही म्हणे."

अवंती घास गिळते. "हो. वाळली आहे जरा."

"रडते का ग?"

"कधी कधी. संध्याकाळी."

"मैत्रीण मिळाली का कोणी?"

"अजून नाही. पण एक मुलगी बोलते तिच्याशी."

"सांग तिला," अनसूयाबाई म्हणतात, "पेपर झाले की सरळ घरी ये म्हणावं. वड्या करून ठेवते."